मगदूमअक्कांची आडफळी

मगदूमअक्का घर बघायच्या त्या रांगत. पदर कमरेला खोचायचा, चष्म्याची दोरी मानेमागं ओढायची आणि गुडघे टेकून थेट दोन हातांवर यायचं. पंचावन्नच्या पुढची, अंगानं भरलेली बाई अनोळखी माणसांच्या स्वयंपाकघरात अशी रांगायला लागली की मी बाहेरच्या सोप्यात बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायचो. मला लाज वाटायची. पहिले दोन महिने मी नेमकं काय काम करतो हे घरीसुद्धा धड सांगितलं नव्हतं.

"उभ्यानं दिसतंय ते मोठ्यांचं घर, तम्मा," त्या सांगायच्या. "पोराचं घर खाली असतंय. त्ये बघायचं तर खालीच याय लागतंय."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अक्का गडहिंग्लजच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका खेड्यातल्या. तिकडं माणूस मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरतो हे त्याचं त्यालाच कळत नाही. जैन शेतकऱ्याचं घर. वीसेक वर्षं सरकारी नोकरीत नर्सबाई म्हणून काढून त्या आमच्या संस्थेत आल्या होत्या. संस्था कोल्हापुरातली, लहानशी. घरातल्या घरात लहान मुलं भाजतात, पिंपात बुडतात, पिकावरचं औषध पितात, ते कशानं होतं आणि कशानं टळतं, याचा शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यांवर अभ्यास चालला होता. वर एक डॉक्टरसाहेब होते. वाड्यांवर अक्का आणि मी. माझं काम मोटरसायकल चालवणं आणि फॉर्म भरणं. कागदावर मला 'क्षेत्र संशोधक' म्हणत, पण त्या शब्दाला मी कधीच जागलो नाही. नोकरी लागेपर्यंत काहीतरी हवं म्हणून मी आलो होतो.

प्रत्येक वाडीवर एक प्रश्न ठरलेला. अक्का रांगून उठल्या, हात झटकले, की कोणीतरी म्हातारी हळू आवाजात विचारायची, "बाई, तुमच्या घरात काय झालतं का वो?"

"न्हाई."

"मग एवढं कशापायी फिरतासा?"

"व्हायलाच पायजे का?" अक्का म्हणायच्या. आवाज मोठा, कोल्हापुरी ठसक्याचा. मीही आधी तसंच धरून चाललो होतो. एखादं भाऊ-बहीण गेलं असेल, पदरचं मूल गेलं असेल. पुढं कळलं, तसलं काही नव्हतं. त्यांना हे सगळं आधीच दिसत होतं, एवढंच. लोकांना यावर विश्वास ठेवणं जड जायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्यांच्या मनगटाला एक सुती दोरी गुंडाळलेली असायची. तिला तीन गाठी. जमिनीपासून पहिली गाठ म्हणजे रांगत्या पोराचा हात पोचतो तिथवर, दुसरी म्हणजे धरून उभ्या राहणाऱ्या पोराचा, तिसरी म्हणजे पाट किंवा डबा पायाखाली घेतलेल्या पोराचा. अक्का दोरी जमिनीला लावून उभी धरायच्या आणि घरातल्या बाईला म्हणायच्या, "सांग बघू, पयल्या गाठीत काय काय हाय?" बाई हसत हसत बघायला लागायची आणि मग तिचं हसू थांबायचं. विळी पहिल्या गाठीत. बादलीत टाकलेल्या हीटरची वायर पहिल्या गाठीत. बाटलीतलं तणनाशक, तेही सरबतासारखं रंगीत, पहिल्या गाठीत. अक्का रागावायच्या नाहीत. दोरी परत मनगटाला गुंडाळायच्या आणि चहाची वाट बघत बसायच्या.

चहा हे त्यांचं हत्यार होतं. तशा त्या सोवळ्याच म्हणायच्या. सूर्य मावळला की तोंडात काही घालायच्या नाहीत, पाणी गाळायचं फडकं पिशवीत कायम. पण चहाला कुठल्याही घरात, कुठल्याही जातीच्या उंबऱ्यात नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. दिवसाला दहा घरं तर दहा चहा, अर्धी अर्धी बशी. मी कंटाळून एकदा म्हणालो, "अक्का, ॲसिडिटीनं मराल." तर म्हणाल्या, "चहा नको म्हटलं की घर मिटतंय, तम्मा. चहा ठेवला की बाई चुलीपुढं बसती, आणि चुलीपुढं बसली की खरं बोलती."

पण लोक खरं बोलायचे असं मला कधी वाटलं नाही. कामाच्या सुरुवातीला आम्ही फॉर्म तपासून बघायला जोतिबाच्या पायथ्याच्या एका वाडीत गेलो होतो. अक्का रांगत रांगत खाटेखाली गेल्या. तेवढ्यात घरातली म्हातारी बाहेरून आली. बघते तर एक परकी बाई चार पायांवर, डोकं खाटेखाली, आणि काहीतरी पुटपुटतेय. "अगं बया! अंगात आलं की बाईच्या!" म्हातारीनं गुलालाची वाटी उचलली आणि अक्कांच्या पाठीवर मूठभर उधळली. "चांगभलं!" शेजारच्या चार जणी धावत आल्या. एकीनं हात जोडून विचारलंसुद्धा, "देवा, माझ्या लेकाची बदली कवा हुईल?"

खाटेखालून अक्कांचा आवाज आला, "आदी हितली फवारणीची बाटली उचला!"

बाटली तत्क्षणी उचलली गेली. माळ्यावर गेली, वरून दगड ठेवला गेला. परतीच्या वाटेवर मला हसू आवरेना. गाडी बाजूला घेऊन पोटभर हसलो. अक्का मागं गुलालानं माखलेल्या, गंभीर. मी म्हटलं, सगळ्या वाड्यांवर हेच करू या, काम फत्ते होईल.

"देव एकदाच येऊन जातोय, तम्मा. तीन म्हयन्यांनी परत कोण बघायचं?" त्या म्हणाल्या. "आणि देवाला ऐकलं, मला न्हाई ऐकलं. मी काय मिळवलं?"

शाहूवाडीकडं वेगळीच अडचण. तिकडची माणसं आदबशीर. पाहुण्याला वाईट वाटेल असं काही बोलायचंच नाही. एका घरात बाईनं सगळ्या प्रश्नांना "व्हय व्हय, उंचावरच ठेवतोय की" म्हणून सांगितलं, आणि तिच्या पाठीमागं पोरगं रॉकेलची बाटली घेऊन बसलं होतं. अक्कांनी ती हातातून काढून घेतली. घरधन्याला विचारलं, असं का सांगितलंसा? तो साधेपणानं म्हणाला, "तुमी एवढ्या लांबनं आल्यासा. न्हाई म्हणून कसं पाठवायचं?"

त्या दिवशी अक्कांनी कोल्हापूरला येऊन डॉक्टरसाहेबांकडून नियमच करून घेतला. सांगितलेलं लिहायचं नाही, दिसलेलं लिहायचं. वस्तू त्या वेळी, त्या जागी डोळ्यांना दिसली तरच 'आहे'. नाहीतर 'नाही'. साहेब खूश झाले. असा काटेकोर माणूस मिळत नाही म्हणाले. मला आठवतं, अक्का त्या दिवशी मनापासून खूश होत्या. परतताना स्टँडवर त्यांनी स्वतःहून मला भडंग घेऊन दिलं.

आडफळी ही त्यांच्याच डोक्यातली. गावाकडं घरात स्वयंपाक जमिनीवर, गॅस असला तरी भांडी खालीच उतरवायची पद्धत, आणि स्वयंपाकघराला दार क्वचित, नुसती चौकट. अक्कांचं म्हणणं, ही एक चौकट अडवली तर अर्धे अपघात थांबतील. गुडघ्यापेक्षा थोडी उंच लाकडी फळी, चौकटीला दोन्हीकडं खाचा ठोकायच्या, फळी वरून आत सरकवायची. मोठं माणूस ओलांडून जाईल, पोर बाहेर राहील. कोल्हापुरातल्या एका सुताराच्या डोक्यावर बसून त्यांनी ती करून घेतली. कोपरे गोल. कुसळ लागू नये म्हणून प्रत्येक फळीवरून त्या स्वतः तळहात फिरवायच्या. अर्ध्या वाड्यांना फळ्या द्यायच्या, अर्ध्यांना नाही, आणि दीड-दोन वर्षं दर तीन महिन्यांनी सगळीकडं जाऊन फळी जागेवर आहे का आणि घरात कुणाला इजा झाली का, हे लिहायचं. फरक दिसला तर पुढं जिल्हाभर फळ्या देण्याचं चाललं होतं. अक्कांना दुसरं काही नको होतं. "एवढं एक लागू दे," असं त्या मोटरसायकलवर माझ्या पाठीमागं बसून स्वतःशीच म्हणायच्या.

फळ्यांचं लोकांनी काय काय केलं ते सांगत बसलो तर दिवस जाईल. कोणी खुराड्याला लावली, कोणी तिच्यावर पापड वाळवले, एका घरात तिचा स्टंप झाला होता. मी फॉर्मवर 'नाही' लिहायचो, अक्का फळी धुऊन परत खाचेत बसवायच्या आणि चहा प्यायच्या. तरी काही घरं फार चांगली होती. त्यांत वंदनाचं घर पहिलं.

वंदना पंचविशीची. नवरा मुंबईला कामाला, घरात सासू आणि तान्ही पोरगी स्वरा. वंदनानं फळीवर तेलरंगानं फुलं काढली होती. खंडेनवमीला घरातली खुरपी-कोयते पुजले तेव्हा फळीलाही हळदकुंकू लावलं. "ह्येबी राखणदारच की," म्हणाली. आम्ही निघालो की ती आणि सासू दोघी दारात येऊन उभ्या राहायच्या. तिकडची रीतच तशी. पाहुणा वळणाआड जाईपर्यंत दारातून हलायचं नाही, आणि तोवर घरातली वस्तूही हलवायची नाही, केर काढायचा नाही, पाट उचलायचा नाही. पाहुण्याची पाठ दिसतेय तोवर घर पाहुण्याचं. मला हे आवडायचं. वळणावर मी मुद्दाम गाडी हळू करून हात करायचो.

ते घडलं सुगीच्या शेवटी. अंगणात भाताच्या पिंजराच्या गंज्या रचलेल्या, सकाळचे अकरा वाजले असतील. गाडीचा आवाज ऐकून वंदना बाहेर आली. "या अक्का, आत या." अक्का स्वयंपाकघरातून घरामागच्या परड्यात गेल्या, मागच्या खेपेला तिथल्या पिंपाला झाकण नव्हतं ते बघायला. मी सोप्यात बसलो. सासू माझ्या लग्नाची चौकशी करत होती. मी फॉर्म काढला. समोर बघितलं तर आडफळी खाचेत नव्हती. सोप्याच्या भिंतीला टेकून ठेवली होती, फुलांची बाजू बाहेर. मी पेन काढलं आणि 'नाही'वर खूण केली. नुकतीच पाऊल टाकायला लागलेली स्वरा माझ्या गुडघ्याला धरून उभी होती. ती मला सोडून आत गेली. मी तिला जाताना पाहिलं. माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही. मी पुढचा रकाना वाचत होतो.

आत वंदनानं चहा उकळून पातेलं जमिनीवर उतरवलं होतं आणि ती कपबशा घ्यायला वळली होती.

तो आवाज मी सांगणार नाही. अक्का परड्यातून कशा आल्या मला माहीत नाही, मी उठेपर्यंत त्यांनी पोरगीला मोरीत धरून तांब्यावर तांब्या गार पाणी ओतायला सुरुवात केली होती. सासू टूथपेस्ट घेऊन आली, शेजारीण भिजवलेलं पीठ घेऊन आली. "पाणी! नुसतं पाणी!" अक्का ओरडत होत्या. "काय लावायचं न्हाई!" पोरगी निळी पडेपर्यंत रडत होती, वंदना भिंतीला पाठ लावून खाली बसली होती आणि हातातल्या दोन्ही कपबशा तिनं सोडल्या नव्हत्या. पुढच्या वाडीतून जीप मिळाली. अक्का पोरगीला स्वच्छ ओल्या फडक्यात घेऊन मागं बसल्या. ते फडकं त्यांचं पाणी गाळायचं होतं.

स्वरा वाचली. छाती, मान आणि उजवा हात. कोल्हापूरच्या दवाखान्यात ती दीड महिना होती. अक्का रोज जायच्या, मी अधूनमधून. एका दुपारी वॉर्डच्या व्हरांड्यात वंदना अक्कांचे पाय धरायला वाकली.

"अक्का, तुमच्यापायीच काडलती वो फळी. रोज असती. पावणं येनार आनि वाट आडवून कसं ठेवायचं? बरं दिसतंय व्हय?"

वंदना डोळे पुसून पुढं म्हणाली, "आनि तुमाला चहा न घेताच उठाय लागलं त्या दिशी."

तिला त्याचंही वाईट वाटत होतं. मी तिथून उठलो आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. माझ्या आयुष्यात त्यापेक्षा जास्त शरम मला कधी वाटलेली नाही.

तो फॉर्म माझ्या पिशवीत होता. फळी जागेवर: नाही. इजा: होय. म्हणजे आमच्या हिशेबात हे घर आडफळी न वापरणारं. सगळ्यांत निष्ठेनं वापरणारं घर. मी म्हटलं, "अक्का, खोडतो. रोज असतेच की."

"तुला दिसली का?"

"त्या वेळी नव्हती. पण..."

"मग न्हाई."

"अक्का, नियम तुमचाच आहे. एकदा मोडला म्हणून..."

"माजाच हाय म्हणून तर," त्या म्हणाल्या आणि फॉर्म माझ्या हातातून घेऊन गठ्ठ्यात लावला.

पण त्या रात्री झोपल्या नसाव्यात. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी एक विचित्र उद्योग सुरू केला. वाडी यायच्या बऱ्याच आधी मला गाडी बंद करायला लावायच्या. चपला हातात घेऊन परसाकडून चालत जायच्या आणि खिडकीतून डोकावायच्या. मग परत येऊन म्हणायच्या, "आता गाडी सुरू कर, हॉर्न वाजव, समोरनं जा." आम्ही समोरून जायचो. परसाकडून बघताना खाचेत बसलेली फळी दारातून आत जाईपर्यंत भिंतीला टेकलेली असायची. सगळ्या घरांत नाही. खुराड्याला लावणाऱ्यांची खुराड्यालाच होती. पण ज्या घरांत फळी मनापासून वापरली जात होती, नेमकी त्याच घरांतून ती आमच्यासाठी निघत होती. जितका मान मोठा तितकी लवकर. दीड वर्षं आम्ही हेच लिहून घेत होतो. हे उमगलं त्या दिवशी डोंगरातल्या एका बांधावर अक्का चपला हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिल्या. मी नुसता किल्ली फिरवत उभा राहिलो.

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिसेल तेच लिहायचं, हा नियम कोणाचा?"

"माजा."

"आता शेवटची फेरी राहिली. आता नियम बदलला तर आधीचं सगळं रद्द होतं. आणि खिडकीतून डोकावून घेतलेली माहिती मी कुठं दाखवू? अक्का, तुम्हीच सांगा."

"एक रकाना वाडवा साहेब. 'पावण्यासाठी काडली'. एवढाच."

साहेबांनी मान हलवली. रकाना वाढला नाही.

शेवटच्या फेरीत अक्कांनी चहा सोडला. चहा नाही म्हणजे चूल नाही, बाई दारातून हलणार नाही, पोर एकटं सुटणार नाही, असा त्यांचा हिशेब. उंबऱ्याबाहेर उभ्यानंच विचारायच्या आणि निघायच्या. रांगणंही बंद. आणि लोकांचे चेहरे बदलले. दुसऱ्या-तिसऱ्या वाडीवर एक बाई फटकन म्हणाली, "का वो, आता आमच्या घरचा चहा चालंना झाला? सोवळं आठवलं व्हय?" आदल्या खेपेला त्याच बाईच्या चुलीपुढं अक्का तासभर बसल्या होत्या. त्या काय सांगणार? तुमच्या चहानं पोरं भाजतात म्हणून? बातमी वाड्यांवाड्यांतून पसरली. पुढं पुढं तर आम्ही दिसलो की दारं नुसती लोटून घेतली जायची.

अहवाल आला. आडफळी दिलेल्या आणि न दिलेल्या वाड्यांत फरक आढळला नाही. बहुतेक घरांत फळी वापरात दिसली नाही. सबब ती पुढं देण्यात अर्थ नाही. वाक्यं छान इंग्रजीत होती, मी अक्कांना मराठीत सांगितली. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग दोरी मनगटावरून सोडली, टेबलावर ठेवली आणि पिशवी घेऊन गेल्या. उरलेल्या फळ्या संस्थेच्या व्हरांड्यात बरेच दिवस पडून होत्या. मग त्यांतल्या काही पाण्याच्या जारखाली गेल्या, बाकीच्या कुठं गेल्या मी बघितलं नाही. आमचं काम संपलं होतं. मला एका दूध डेअरीत नोकरी लागली.

पाच-सहा वर्षं गेली. गेल्या वर्षी डेअरीच्या कामानं मी शाहूवाडीतल्या मलकापूर स्टँडवर उभा होतो, तर समोरून एसटीतून मगदूमअक्का उतरल्या. वाळल्या होत्या. चष्म्याची दोरी तीच. मला बघून त्यांना आनंद झाला की नाही ते कळलं नाही.

"कुठं अक्का?"

"स्वराकडं. तेल चोळाय लागतंय बोटांना."

म्हणजे दोन-तीन गाड्या बदलून ही बाई इतकी वर्षं येत होती. मी म्हटलं, सोडतो की. त्या घुटमळल्या. "तू येऊ नकोस," असं म्हणतील असं क्षणभर वाटलं. मग मागं बसल्या. वाडीच्या अलीकडं म्हणाल्या, "गाडी हितं बंद कर. चालत जाऊ." सवयीनं मी केली.

पण सासूनं लांबूनच आम्हाला ओळखलं. "आगं वंदे, पावणं आलं! त्ये मोटरसायकलवालं पोरगं बी हाय!" आम्ही सोप्यात पाऊल टाकलं. आत चौकटीत तीच फळी होती, रंग उडालेली, फुलं जेमतेम ओळखू येणारी. आणि तिला धरून एक दहा-अकरा महिन्यांचा मुलगा उभा होता. वंदनाचा दुसरा. वंदनानं अक्कांकडं बघितलं आणि ती तशीच उभी राहिली. फळीला हात लावला नाही.

"काड की गं ती," सासू म्हणाली. "पावणं काय उड्या मारत जातील?" आणि तिनं स्वतःच फळी वर ओढून भिंतीला टेकवली. वंदना खाली बघत स्टोव्हकडं वळली.

अक्का आत गेल्या, आणि चौकटीतच बसल्या. पाय पलीकडच्या खांबाला लावून, पाठ अलीकडच्या खांबाला लावून, आडव्या. सासू म्हणाली, "आवो बाई, उंबऱ्यात बसू न्हाई, सरा की आत."

"कंबर धरलीया," अक्का म्हणाल्या.

पोरगं त्यांच्या पायांवर धडका मारत होतं. त्या एका हातानं त्याला अडवत होत्या. दुसऱ्या हातानं स्वराची बोटं हातात घेऊन, एकेक उलगडून बघत होत्या. उलगडत नव्हती. शेवटची दोन तळव्याला चिकटल्यासारखीच होती. मग स्वरानंच चहा आणला. डाव्या हातात कप, उजव्या मनगटाचा आधार, आईच्या सांगण्यावरून हळूहळू. वंदनाचे डोळे तिच्या हातावर होते. अक्कांनी तो दोन्ही हातांनी घेतला, बशीत ओतला आणि दोन घोटांत संपवला. एवढा कढत चहा मी कोणाला असा पिताना पाहिलेला नाही.

"येतो," म्हणाल्या. पाव तासही झाला नव्हता, तेल तसंच राहिलं होतं.

"आसं का? जेवून जावा की!"

"गाडी चुकंल."

निघताना त्यांनी भिंतीच्या फळीकडं हात नेला, पण सासूनं अडवलं. "ऱ्हाऊ द्या वो, तुमी कशाला? आमी लावतो की मागनं." दोघी आम्हाला पोचवायला दारात आल्या. वंदनाच्या कडेवरून पोरगं खाली उतरायला धडपडत होतं, तिनं त्याला उतरवलं. ते घरात वळलं. आत जमिनीवरच्या स्टोव्हवर पातेलं अजून वाफाळत होतं.

अंगण ओलांडताच अक्का भराभर चालायला लागल्या. मग जवळजवळ पळायलाच. हातात चपला, पदर सुटलेला. मला वाटलं रडतायत, म्हणून मी मागं राहिलो. सवयीनं वळून हात करायला हात उचलला. दारात वंदना आणि तिची सासू उभ्या होत्या, आमची पाठ दिसेनाशी होण्याची वाट बघत.

"तम्मा!" अक्का ओरडल्या. "मागं बघू नको! चल बिगीबिगी! आपण वळणाआड गेल्याबिगर ती फळी लागायची न्हाई."